विधुराचा स्कर्व्ही

काका पहिल्यांदा आले ते पायावरचे डाग दाखवायला. वय ७१, पत्नी जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगी परदेशात. दोन्ही नडग्यांवर बारीक लालसर-जांभळे ठिपके, मांडीवर मोठा काळानिळा डाग, आणि कुठे आपटल्याचं तर आठवत नाही. हिरड्या सुजलेल्या, ब्रश केला की रक्त. माझं डोकं नेहमीच्या वाटेनं गेलं: प्लेटलेट्स, रक्त गोठण्याच्या तपासण्या, लिव्हर. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, "काका, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"सकाळी चहा-खारी. दुपारी कुकरला वरण-भात. संध्याकाळी परत चहा, रात्री दूध-पोळी." आणि परवा? तेच. भाजी? "एकट्यासाठी काय भाजी आणायची डॉक्टर, पाव किलो आणली तरी निम्मी सडते." फळं? "डायबिटीस आहे ना, डॉक्टरांनी बंद केलीत." कोणत्या डॉक्टरांनी, हे मी विचारलं नाही. आमच्यापैकीच कोणीतरी, कधीतरी घाईत तसं बोलून गेलं असणार.

मग भिंग घेऊन ते ठिपके पुन्हा पाहिले. प्रत्येक ठिपका एका केसाच्या मुळाशी होता आणि केस स्प्रिंगसारखे वळलेले. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. खलाशांचा, शाळेत शिकलेला, इतिहासजमा समजला जाणारा. पण इंग्रजी वैद्यकीय पुस्तकांत त्याचं आणखी एक जुनं नाव सापडतं: 'विडोअर्स स्कर्व्ही', विधुराचा स्कर्व्ही. कुठे 'बॅचलर्स स्कर्व्ही' असंही म्हटलेलं असतं. समुद्र नाही, दुष्काळ नाही, घराखाली भाजीवाला बसलेला आहे, आणि तरीही हा आजार होतो; कारण घरात जेवणारं माणूस एकच आहे.

या नावामागचा इतिहास सांगायचा तर मी सुरुवात जहाजावरून नाही, लंडनमधल्या एका खोलीतून करीन. १७६९ सालच्या जून महिन्यात विल्यम स्टार्क नावाच्या तरुण डॉक्टरनं तिथे स्वतःवर एक प्रयोग सुरू केला. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्येच राहत होते. छापखान्यात काम करत असताना आपण काही दिवस फक्त पाव आणि पाण्यावर काढले होते आणि प्रकृती ठणठणीत होती, असं त्यांनी स्टार्कला सांगितलेलं. स्टार्कला प्रश्न पडला, की माणसाला जगायला नेमकं काय लागतं? मग त्यानं पाव, पाणी आणि थोडी साखर एवढ्यावर राहायला सुरुवात केली. पुढे त्यात एकेक पदार्थ घालत गेला: ऑलिव्ह तेल, दूध, भाजलेलं हंसाचं मांस, उकडलेलं गोमांस, चरबी, अंजीर. रोज खाल्लेल्याचं वजन, स्वतःचं वजन, हवामान, शौचाला काय झालं, सगळं वहीत टिपलेलं. शिस्त अशी, की आजच्या संशोधकानंही मान खाली घालावी.

दोन-तीन महिन्यांत त्याच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या, हात लावला की रक्त येई. त्यानं तेही नोंदवलं आणि प्रयोग पुढे चालू ठेवला. ताजी फळं आणि हिरव्या भाज्याही त्याच्या यादीत होत्या, पण पुढच्या टप्प्यावर. तो टप्पा आलाच नाही. शेवटी शेवटी मधातलं पुडिंग आणि चीज यांवर त्याचा प्रयोग चालला होता. २३ फेब्रुवारी १७७० रोजी स्टार्क वारला. वय होतं २९.

मला या गोष्टीतली सर्वांत टोचणारी बाब वेगळीच वाटते. उत्तर तेव्हा छापून आलेलं होतं. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरनं २० मे १७४७ रोजी 'सॅलिस्बरी' जहाजावर १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सुधारली. त्याचं पुस्तक १७५३ साली आलं, स्टार्कच्या प्रयोगाच्या १६ वर्षं आधी. नौदलानं लिंबाचा रस सक्तीचा केला तो मात्र १७९५ मध्ये. इतक्या वर्षांत किती खलाशी गेले असतील, याचा विचार न केलेला बरा.

आता काकांसारख्या पेशंटचा प्रश्न असतो, "पण डॉक्टर, हे इतके दिवस कळलं कसं नाही?" त्याचं उत्तर १९३९-४० मध्ये बॉस्टनच्या जॉन क्रँडन या सर्जननं दिलं, तेही स्वतःवरच प्रयोग करून. त्यानं पाव, चीज, अंडी असं पोटभर खाल्लं, बाकीची जीवनसत्त्वं गोळ्यांतून घेतली, फक्त क जीवनसत्त्व टाळलं. ४१ दिवसांत ते रक्तद्रवातून नाहीसं झालं, पण त्याला काहीच जाणवलं नाही. तीन महिन्यांनी मुद्दाम पाठीवर केलेली जखम नीट भरली. त्वचेवर खुणा दिसायला चार महिन्यांहून जास्त काळ गेला, आणि सहा महिन्यांनी केलेली जखम मात्र भरेना. क जीवनसत्त्व शिरेतून दिल्यावर ती भरली. आपल्या शरीरात याचा साठा साधारण दीड ग्रॅम असतो. पत्नी गेल्यानंतर पहिले काही महिने काका त्या साठ्यावर निभावून गेले असणार.

दुसरा प्रश्न, किती लागतं? महायुद्धाच्या काळात, १९४४ ते ४६, इंग्लंडमध्ये शेफील्डला २० जणांवर अभ्यास झाला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला तत्त्वानं नकार दिलेले हे लोक होते. ते प्रयोगासाठी स्वतःहून पुढे आले. ज्या दहा जणांना क जीवनसत्त्व मिळालं नाही त्या सगळ्यांना स्कर्व्ही झाला, आणि दिवसाला फक्त १० मिलिग्रॅम पुरेसे ठरले, आजार टाळायलाही आणि बरा करायलाही. भारतीय पुरुषासाठी आयसीएमआरची २०२० ची शिफारस रोज ८० मिलिग्रॅमची आहे आणि तेवढं मिळायला हवंच. पण आजार दूर ठेवायला लागणारे १० मिलिग्रॅम पेरूच्या एका लहान फोडीत असतात. ती फोडसुद्धा दिवसेंदिवस पोटात जात नाही, याला गरिबी म्हणत नाहीत. एकटेपणा म्हणतात.

आता भाजी सडते या मुद्द्याकडे येतो, कारण काकांची तक्रार खरी होती. त्याचं उत्तरही इतिहासात आहे आणि त्यात आपली माणसं आहेत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी ब्रिटिश फौज वेढ्यात अडकली होती. ती होती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी जवळपास नव्हतीच. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं; बहुतेक भारतीय सैनिकांनी धर्मभावनेमुळे बरेच दिवस नाकारलं. गोऱ्यांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. आपल्या जवानांना आट्यानं बेरीबेरीपासून वाचवलं, पण स्कर्व्हीनं गाठलं. डाळी होत्या, पण कोरड्या डाळी-कडधान्यांत क जीवनसत्त्व जवळपास नसतं.

आणि इथेच गंमत आहे. १९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ या दोघींनी गिनीपिगवर दाखवून दिलं, की तेच कोरडं कडधान्य भिजवून मोड आणलं तर स्कर्व्ही रोखतं. (गिनीपिग यासाठी, की उंदीर आपलं क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, गिनीपिगला आणि आपल्याला ते जमत नाही.) आपल्या घरी मटकीला फडक्यात बांधून ठेवणाऱ्या आज्जीला हे सिद्ध करायची गरज कधी वाटली नव्हती.

एकट्या माणसासाठी याहून सोयीची ताजी भाजी मला माहीत नाही. डब्यात महिनोन्‌महिने टिकते, आणि पाहिजे तेव्हा वाटीभरच ताजी करता येते. मोड आल्यावर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. वयस्कर माणसांनी कच्चे मोड खाऊ नयेत, पोट बिघडायची भीती असते. दोन-तीन मिनिटं वाफ द्यावी. त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, पण सगळं जात नाही. तीच मटकी कुकरला चार शिट्ट्या काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळली तर मात्र काही उरत नाही. लिंबूही वरणात शिजवायचं नाही, ताटात पिळायचं. कोबीचा गड्डा फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, लागेल तेवढाच कापावा. आणि डायबिटीस असला तरी अर्धा पेरू चालतो, हे मी काकांना कागदावर लिहून दिलं. तोंडी सांगितलेलं पुन्हा कोणीतरी खोडून काढेल म्हणून.

गोळ्या अर्थात दिल्याच. थकवा आणि पायदुखी आठवड्यात कमी झाली, हिरड्यांना तीन आठवडे लागले. काकांच्या आहारात प्रथिनं आणि लोह यांचीही वानवा होती. हिमोग्लोबिन ९ होतं, त्यावर वेगळे उपचार चालू आहेत. वाटीभर उसळ, एक अंडं आणि दुपारी दही एवढं आता ते करतात. पोळ्या केंद्रातूनच येतात, त्याला माझी हरकत नाही.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तक्रार वेगळी होती, पावसाळ्यात मटकीला वास येतो. दिवसातून दोनदा धुवा आणि फडकं घट्ट पिळून बांधा, असं सांगितलं. माझ्या बायकोला विचारून.