शक, सातवाहन आणि संस्कृत

परकीयांनी स्वारी करावी, संस्कृतीला ग्रहण लागावे आणि मग एखाद्या एतद्देशीय राजाने ते सोडवावे, अशा क्रमाने प्राचीन भारताचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. वर्गात आम्हीही तो तसाच सांगत आलो. नाशिकच्या पांडवलेण्यांत मात्र हा क्रम अडखळतो.

तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी ही आजी आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गाते. त्याने शक, यवन, पल्हवांचा विध्वंस केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, वर्णसंकर थांबवला. पुनरुज्जीवनाचा जाहीरनामाच म्हणावा असा हा लेख. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. विजयाचा याहून ठसठशीत पुरावा तो कोणता? पण कित्येक नाण्यांवर त्या छापाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतोच.

आणि ज्यांचा उच्छेद झाला ते होते तरी कसे? त्याच डोंगरात १०व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपली दाने मोजतो. हा जन्माने शक. त्याने ब्राह्मणांना तीन लक्ष गाई आणि १६ गावे दिली. भिक्षूंसाठी लेणे कोरवून ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली. संस्कृती बुडवायला आलेल्या माणसाचा हा जमाखर्च खासच नव्हे!

आम्ही भाषेचे विद्यार्थी, म्हणून आम्हांस खरा पेच पुढे दिसतो. सातवाहनांनी नाणेघाटात आपल्या वैदिक यज्ञांची नोंद केली तीही प्राकृतात. गौतमीपुत्राची थोरवीही प्राकृतातच कोरली गेली. अलंकृत संस्कृत गद्यातला पहिला मोठा राजकीय शिलालेख मात्र जुनागढचा, शक महाक्षत्रप रुद्रदामनाचा. सुदर्शन तलावाचा वादळात फुटलेला बांध प्रजेवर जादा कर न लादता पुन्हा बांधल्याचे त्यात सांगितले आहे. हे काम करणारा अमात्य सुविशाख हा पल्हव. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिले, असेही रुद्रदामन सांगतो. ते नाते कान्हेरीच्या एका त्रुटित लेखावरून उलगडते: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची कन्या, बहुधा रुद्रदामनाचीच. तो लेख संस्कृतात आहे. सातवाहनांच्या घरी संस्कृत सुनेच्या माहेराहून आले की काय, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

शकांनी संस्कृत जवळ केले ते निव्वळ प्रेमाने, असा आमचा भाबडा समज नाही. परक्या राजाला प्रतिष्ठा हवी असते, आणि ती त्याने अशी कमावली. सातवाहनांना तशी गरज नव्हती. लोकांच्या बोलीजवळचे प्राकृत त्यांना पुरेसे होते. मग पुनरुज्जीवन कोणाचे, आणि ते केले कोणी?

जुनागढच्या लेखात वर्ष ७२ दिले आहे, म्हणजे इ. स. १५०. शकांनी चालवलेली ती कालगणना. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटले आणि दर पाडव्याला आपण पंचांगात तेच शक वाचतो.