‘पोलीस ॲक्शन’ म्हणजे काय? १९४८ मध्ये लातूर-नांदेडमध्ये काय घडलं होतं?

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दरवर्षी या दिवशी सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट फिरतात. एका पोस्टमध्ये रझाकारांचे अत्याचार असतात, दुसरीत भारतीय सैन्य आल्यानंतर मुस्लिमांवर झालेला हिंसाचार असतो. कॉमेंटमध्ये दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवतात.

प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. आणि सैन्य आल्यानंतर जवळपास सव्वा वर्षाची लष्करी राजवटही होती.

निजामाच्या राज्यात लोकशाही होती का?

नाही. आजचा मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकचा काही भाग मिळून हैदराबाद संस्थान होतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची तिथे सत्ता होती. सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू होती, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि वरच्या पदांवर प्रामुख्याने मुस्लिम उमराव होते. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिकवलं जायचं. साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागायची.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

मात्र राजा मुस्लिम होता म्हणून सगळे मुस्लिम सत्ताधारी होते, असं नाही. खेड्यापाड्यातला मुस्लिम शेतकरी, विणकर किंवा मजूर त्याच्या हिंदू शेजाऱ्यासारखाच गरीब होता. पुढचा इतिहास समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

रझाकार कोण होते?

रझाकार म्हणजे स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेची ही निमलष्करी फौज होती. तिचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा.

ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. याच काळात रझाकारांनी गावं लुटली, खंडणी घेतली, माणसं मारली. हजारो कुटुंबं सोलापूर, यवतमाळसारख्या शेजारच्या जिल्ह्यांत पळून गेली. दुसरीकडे, ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथे आंदोलकांनी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला.

रझाकारांना विरोध करणारे मुस्लिमही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादमध्ये त्यांची हत्या झाली.

मग ‘पोलीस ॲक्शन’ कशाला म्हणतात?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे निघाली. ही लष्करी कारवाई होती आणि तिचं लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’ होतं. पण हा देशांतर्गत प्रश्न आहे, दोन देशांमधलं युद्ध नाही, हे ठसवण्यासाठी ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द वापरला गेला. मराठवाड्यातली जुनी माणसं आजही ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ असं म्हणतात.

१७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांनी लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार हाती घेतला.

त्यानंतर काय झालं?

जुनी सत्ता कोसळली होती आणि नवी अजून गावोगावी पोहोचली नव्हती. त्या दिवसांत अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी परिस्थिती पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्यासह तिघांचं पथक पाठवलं. बाकीचे दोघे होते काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हे पथक संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरलं आणि ५०० हून जास्त लोकांशी बोललं.

सुंदरलाल अहवालातली मुख्य निरीक्षणं अशी:

• कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार लोकांचा बळी गेला असावा.

• सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आताचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. इथे मिळून किमान १८ हजार बळी गेले.

• लातूरमध्ये २० दिवसांहून जास्त काळ हत्या सुरू होत्या. शहरातल्या सुमारे १० हजार मुस्लिमांपैकी जेमतेम ३ हजार तिथे उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे जीव वाचवून पळाले.

• शेजारच्या भागातून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा यात हात होता. काही ठिकाणी सैन्यातले आणि पोलिसांतले लोकही लुटीत आणि हत्यांमध्ये सामील होते. मात्र सैन्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं वर्तन एकंदरीत चांगलं होतं.

• अनेक हिंदूंनी मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांसाठी स्वतःचे प्राणही दिले.

रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद अहवालात आहे. त्यांचा सूड म्हणून हिंसा भडकली, हेही त्यात म्हटलं आहे. पण सूड उगवला गेला तो बहुतांशी अशा लोकांवर, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आजच्या लातूर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे सर्वाधिक झळ बसलेल्या चारपैकी तीन जिल्ह्यांचा भाग आज लातूर आणि नांदेडमध्ये आहे.

हे शाळेत का शिकवलं गेलं नाही?

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. गृहमंत्री सरदार पटेल यांना तो एकतर्फी वाटला होता. अनेक दशकांनंतर संशोधक आणि पत्रकारांमुळे त्याची चर्चा सुरू झाली. त्यातल्या आकड्यांवर मतभेद आहेत, कारण तो पथकाचा अंदाज होता, घरोघरी जाऊन केलेली मोजणी नव्हती. मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या, हे मात्र इतिहासाचे अभ्यासक मान्य करतात.

लष्करी राजवटीतून लोकशाही कशी आली?

चौधरी यांच्या काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. पण हे सरकार कुणी निवडून दिलेलं नव्हतं. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. निजाम राजप्रमुख म्हणून कायम राहिले. १९५२ च्या निवडणुकीत लोकांनी पहिल्यांदा सरकार निवडलं आणि बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात.

कासिम रझवीवर खटला चालला. १९५७ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. लातूरमध्ये मारल्या गेलेल्यांसाठी मात्र अशी कोणतीही ठळक सुनावणी झाली नाही.

मग १७ सप्टेंबरला काय म्हणायचं?

नावावरून आजही वाद आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने हैदराबादमध्ये हा दिवस ‘मुक्ती दिन’ म्हणून साजरा केला, तर तेलंगणा सरकारने त्याला ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटलं.

रझाकारांनी मारलेल्यांची आठवण काढली म्हणून सप्टेंबरनंतर मारले गेलेले लोक खोटे ठरत नाहीत. आणि त्यांची नोंद घेतली म्हणून मुक्तिसंग्रामाचं मोल कमी होत नाही. स्टेट काँग्रेसची मागणी लोकांच्या राज्याची होती. त्या ‘लोकां’मध्ये लातूरचे ते १० हजार रहिवासीही येत होते.