फर्माशी वाद्याचा सौदा

बोहारीण दारांत आली म्हणजे घरांतला जुना कोट बाहेर निघतो. तो कोट एके काळीं चांगल्या शिंप्याकडून अंगाचें माप देऊन शिवून घेतलेला असतो. कापड, अस्तर, गुंड्या, सारें निवडून आणलेलें असतें. बोहारीण त्यांतलें कांहींएक पाहत नाहीं. दुकानांतल्या तयार कोटाला जें भांडें, तेंच याला. आणि धन्याचा एक खांदा उतरता म्हणून कोटही तसाच बेतलेला असला, तर भांडें थोडें लहानच मिळावयाचें. एकाच्या मापाचें तें दुसऱ्याच्या अंगीं लागत नाहीं, एवढाच त्या कोटाचा अपराध.

पाश्चात्य देशांत विजेवर वाजणाऱ्या बेस गिटारचा जो जुना बाजार भरतो, त्यांतही फर्माशी वाद्याची हीच गत होते. या बाजाराचे कायदेकानू कसे बनले, हें समजण्यासाठीं त्या वाद्याचा जन्म थोडक्यांत पाहिला पाहिजे.

वाद्यवृंदांतली खर्जाची बाजू पूर्वीं 'डबल बेस' नांवाचें माणसाहून उंच वाद्य सांभाळीत असे. तें गांवोगांव नेणें म्हणजे एक संकटच. शिवाय ताशे आणि कर्णे यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. त्याच्या दांडीवर पडदे नसत, सूर बोटानेंच शोधावा लागे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक गृहस्थ राहत असे. त्याला स्वतःला गिटार वाजवतां येत नसे, ही गोष्ट मौजेची खरी. त्यानें लांकडाच्या भरीव फळीला स्क्रूनीं दांडी जोडली, तारांखालीं चुंबकाचा पिकअप बसवला आणि दांडीवर सतारीप्रमाणें पडदे घातले. मात्र सतारीसारखे बांधून नव्हे, लांकडांत पक्के ठोकून. १९५१ सालीं हें वाद्य बाजारांत आलें. पडद्यांमुळें सूर नेमका लागतो, म्हणून त्याचें नांव 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. १९६० सालीं त्याच कारखान्यांतून 'जॅझ बेस' हा दुसरा नमुना निघाला.

फेंडरचें खरें कर्तृत्व असें, कीं त्यानें वाद्य हें सुट्या भागांची जुळणी करून बनवलें. दांडी बिघडली, चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. त्यामुळें १९६२ सालचा एक जॅझ बेस दुसऱ्यासारखाच, असें मानतां येऊं लागलें, आणि जुन्या बाजाराला नमुना व साल एवढ्यावर भाव ठरवणें सोपें झालें. जानेवारी १९६५ मध्यें फेंडरनें आपला कारखाना सी. बी. एस. या ध्वनिक्षेपण कंपनीला १३० लाख डॉलरांना विकला. पुढें मालाचा दर्जा उतरला अशी वादकांची समजूत झाली, आणि '६५ पूर्वींचा' एवढ्या शब्दानें किंमत चढूं लागली. जाणता गिऱ्हाईक आज असा बेस घेतांना दांडी उतरवून तिच्या बुडावरची तारीख पाहतो, आवाजाच्या बटनाखालच्या भागावरचे बारीक आंकडे वाचतो. त्या आंकड्यांतून तो भाग कोणत्या कारखान्यांत, कोणत्या सालीं आणि कोणत्या आठवड्यांत झाला, हें कळतें. मूळचा रंग खरवडून कोणी नवा चढवला असेल, तर किंमत सुमारें निम्म्यावर येते, असा या बाजारांतला ठोकताळा आहे. नवा रंग जुन्याहून सुंदर असला तरी हिशेब तोच!

अशा बाजारांत फर्माशी वाद्याला जागा कोठून मिळणार? १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील अलेम्बिक या संस्थेनें निवडक वादकांसाठीं मागणीप्रमाणें बेस घडवण्यास आरंभ केला. जॅक कॅसडी या वादकासाठीं तिनें घडवलेला बेस या प्रकाराचा आद्य नमुना समजतात. न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सन यानें तर चार तारा अपुऱ्या मानून सहा तारांचें वाद्य कल्पिलें, आणि १९७५ सालीं कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून तें घडवून घेतलें. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. पुढें तो एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जात राहिला. ज्यानें स्वतः फर्मावलें त्यालाच जेथें तें पुरतें बसत नाहीं, तेथें दुसऱ्या हाताला तें कितपत बसणार, हें सांगावयास नको. दांडीची जाडी, तारांतलें अंतर, लांकडाची निवड हीं सर्व एका माणसाच्या पंजाशीं आणि कानाशीं बांधलेलीं असतात. त्यांवर जास्तींत जास्त पैसा खर्च झालेला असतो, आणि विकतांना नेमका तोच पैसा परत येत नाहीं. म्हणून अशीं वाद्यें पुष्कळदां रोखीपेक्षां अदलाबदलींत खपतात: दोन वादक आपापलें वाद्य पुढें करतात, वर थोडीशी रक्कम कोणी कोणास द्यावी यावर घासाघीस होते, आणि दोघेही आपण बुडालों अशा समजुतीनें घरीं जातात.

हा सारा हिशेब एका वाद्यानें उलटा करून दाखवला. तें वाद्य मुळांत फर्माशी नव्हतें. १९६२ सालचा कारखान्यांतला साधा जॅझ बेस होता. तो १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्लोरिडांत वाढलेल्या जॅको पॅस्टोरियस नांवाच्या तरुणाच्या हातीं दुसऱ्या हातानें आला. त्याच्या दांडीवर पडदे राहिले नव्हते. ते आपण लोणी लावण्याच्या सुरीनें उपटले असें जॅको एकदां सांगे, तर दुसऱ्या वेळीं, घेतला तेव्हांच ते नव्हते असें म्हणे. पडद्यांच्या खांचा बुजवून त्यानें दांडीवर होड्यांना लावतात त्या जातीचा एपॉक्सीचा कठीण लेप दिला, म्हणजे तारांच्या घर्षणानें लांकूड झिजूं नये. फेंडरनें अचूकपणासाठीं जे पडदे घातले, ते काढूनच या वाद्याला त्याचा आवाज मिळाला. सतार आणि सरोद यांतला फरक ज्यांच्या कानीं आहे, त्यांना हें चटकन् उमजेल. सूर एका जागीं न थांबतां घसरत, मींड घेत जातो, आणि खर्जाचें वाद्य गाऊं लागतें. १९७६ सालीं जॅकोची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली; त्याच वर्षीं तो 'वेदर रिपोर्ट' या वृंदांत गेला. बाजाराच्या दृष्टीनें पाहिलें तर पडदे उपटलेला, लेप थापलेला तो बेस म्हणजे नासवलेला माल. जॅकोनें त्याला 'बेस ऑफ डूम' असें नांव दिलें होतें. मराठींत 'कल्पान्ताचा बेस' म्हणतां येईल.

पुढची हकीकत सुखाची नाहीं. १९८२ सालीं जॅकोला मनोविकार असल्याचें निदान झालें, आणि कांहीं वर्षांतच तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर व बागांत दिवस काढूं लागला. मध्यंतरीं तो बेस फुटून त्याचे तुकडे झाले. फ्लोरिडांतील कारागिरांनीं ते तुकडे चिकटवून वाद्य पुन्हां उभें केलें. १९८६ सालीं वॉशिंग्टन स्क्वेअर बागेंतून तें चोरीस गेलें. सप्टेंबर १९८७ मध्यें फ्लोरिडांतील एका क्लबच्या दारांत झालेल्या मारहाणींत जॅको बेशुद्ध झाला, आणि २१ तारखेस वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं वारला.

चोरीस गेलेलें वाद्य वीस वर्षांनीं, २००६ मध्यें, न्यूयॉर्कमध्येंच प्रकट झालें. जगाला त्याची वार्ता २००८ सालीं लागली. तें खरें कीं खोटें, हें ठरवतांना पूर्वींच्या दुरुस्तीच्या खुणा उपयोगीं पडल्या. जे सांधे इतर वाद्याची किंमत पाडतात, तेच येथें पुरावा ठरले. परंतु आतां प्रश्न किमतीचा राहिला नव्हता, मालकीचा होता.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. चोराजवळ जी मालकी नाहीं, ती तो दुसऱ्याला विकूं शकत नाहीं. मधल्या खरेदीदारानें पुरे दाम मोजले असले तरी मूळ मालकाचा हक्क बुडत नाहीं. हिंदुस्थानांतील १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याच्या २७ व्या कलमाचें मूळ तत्त्वही हेंच. इंग्लंडांत मात्र एक जुना अपवाद होता: भर बाजारांत, सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान, उघडपणें घेतलेली वस्तु चोरीची निघाली तरी प्रामाणिक गिऱ्हाईकाची होई. हा अपवाद थेट जानेवारी १९९५ पर्यंत टिकला. कायदा स्पष्ट असला तरी न्यायालयांत उभें राहण्यास पैसा लागतो, आणि तो जॅकोच्या कुटुंबापाशीं नव्हता. अखेर २०१० सालीं 'मेटॅलिका' वृंदांतील बेसवादक रॉबर्ट ट्रुजिलो यानें पदरचे पैसे भरून तें वाद्य सोडवलें. कागदोपत्रीं मालक तो झाला. पण कुटुंब जेव्हां मागेल तेव्हां, आपण दिलेल्याच किमतीस, वाद्य परत द्यावें असा करार त्यानें लिहून दिला. जुन्या वस्तूंच्या व्यापारांत भाव चढण्याची आशा हाच नफा. तो नफा खरेदीदारानें पहिल्याच दिवशीं स्वखुशीनें सोडावा, असा सौदा विरळा.

पॉल मॅकार्टनीच्या बेसचा प्रवास याहून सुखान्त झाला. व्हायोलिनच्या आकाराचा तो डावखुरा हॉफनर बेस त्यानें १९६१ सालीं हांबुर्ग येथें सुमारें ३० पौंडांना घेतला होता. ऑक्टोबर १९७२ मध्यें लंडनमध्यें एका मोटारींतून तो चोरीस गेला. इतका ओळखीचा माल चोरानें विकावा कोणाला? अखेर एका दारूगुत्त्याच्या मालकाच्या गळ्यांत त्यानें तो बांधला. पुढें कित्येक वर्षें माळ्यावर पडून राहिलेला तो बेस मूळ धन्याकडे परत गेल्याचें फेब्रुवारी २०२४ मध्यें जाहीर झालें.

डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेंतील जेम्स जेमरसन याचा बेस मात्र परत आलेला नाहीं. तोही १९६२ सालचाच, प्रिसिजन जातीचा. जेमरसन त्याला 'फंक मशीन' म्हणे, आणि त्याच्या तारा तुटल्यावांचून कधीं बदलीत नसे. ऑगस्ट १९८३ मध्यें तो वारला, त्याच्या थोडे दिवस आधीं वाद्य चोरीस गेलें. दांडीच्या बुडाशीं त्यानें 'फंक' हा शब्द कोरून त्यांत निळी शाई भरली होती. ज्याच्या हातीं तें आज असेल, त्याला ओळख पटण्यास तेवढी खूण पुरे आहे.