परवान्याविना वैद्यकी : पॅरिसमधील १३२२ चा खटला

१/८
इ. स. १३२२. पॅरिसच्या बिशपच्या न्यायालयात जाकोबा फेलिसी नावाच्या स्त्रीवर खटला उभा राहिला. आरोप होता परवान्याविना वैद्यकी केल्याचा. साक्षीला आलेले रोगी मात्र सांगत होते, ‘हिनेच आम्हांला बरे केले.’

२/८
फिर्यादी होती पॅरिस विद्यापीठाची वैद्यक विद्याशाखा. तिच्या नियमानुसार परवाना नसलेल्या कोणालाही शहरात वैद्यकी करता येत नसे. नियम मोडल्यास धर्मबहिष्कार आणि ६० लिव्हर दंड. भोंदू वैद्यांपासून लोकांचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. परंतु विद्याशाखेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. म्हणजे जाकोबाने परवाना मिळवावा तरी कोठून?

३/८
आरोपांची यादी वाचण्यासारखी आहे. ती रोग्याचे मूत्र तपासते, नाडी पाहते, अंगाला हात लावून दुखणे जोखते, काढे आणि रेचके देते. यात मंत्रतंत्राचे काहीच नव्हते. पदवीधर वैद्य जे करत, नेमके तेच ती करत होती.

४/८
साक्षींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. नामांकित वैद्यांकडून गुण न आलेले रोगीही तिच्याकडे येत. ती वारंवार त्यांच्या घरी जाई आणि बरे वाटल्यावरच मोबदला घेई.

५/८
जाकोबाचा बचाव मुद्देसूद होता. हा नियम अडाणी आणि अननुभवी लोकांसाठी आहे. जाणकाराला तो लागू होत नाही. शिवाय अनेक स्त्रिया लाजेपोटी पुरुष वैद्यासमोर दुखणे उघड करत नाहीत आणि प्राणास मुकतात. त्यांना स्त्री वैद्य नको काय?

६/८
फिर्यादी पक्षाचे उत्तर असे : स्त्रीला वकिली करता येत नाही. वकील चुकला तर दावा हरतो. वैद्य चुकला तर जीव जातो. मग स्त्रीला वैद्यकी कशी करू द्यावी?

७/८
तिच्या ज्ञानाची परीक्षा न्यायालयाने घेतली नाही. परवाना आहे की नाही, एवढ्यावरच निवाडा झाला. जाकोबा दोषी ठरली : धर्मबहिष्कार आणि ६० लिव्हर दंड. तिच्याबरोबर विनापरवाना वैद्यकी करणाऱ्या आणखी काही स्त्री-पुरुषांनाही शिक्षा झाली.

८/८
याच पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने १८७० मध्ये एलिझाबेथ गॅरेट या इंग्रज स्त्रीला वैद्यकीची पदवी दिली. जाकोबाच्या खटल्याला तेव्हा ५४८ वर्षे झाली होती. रोग्याच्या सुरक्षिततेसाठी परवाना हवाच. पण तो मिळवण्याची वाट कोणाला खुली आहे, हेही पाहावे लागते. १३२२ च्या न्यायालयाने तेवढेच पाहिले नाही.