हिराकशीची शाई आणि जळकीं पत्रें

ज्यांच्या संग्रहीं जुनीं कागदपत्रें आहेत, त्यांच्या अनुभवाची एक गोष्ट अशी कीं, एका पत्राचीं अक्षरें शतकें लोटलीं तरी काळींभोर राहतात. दुसऱ्याचीं तपकिरी पडून अक्षराबरहुकूम कागदास भोकें पडतात. मितीच गळून गेली तर पत्राचें मोल तें काय उरलें ? ह्या भेदाचें मूळ शाईंत आहे.

काजळाची शाई म्हणजे केवळ बारीक कोळसा. ती कागदाशीं विकार करीत नाहीं. हिरड्याच्या शाईची जात निराळी. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील अरण्यांत हिरडाहि मिळतो आणि शाईस लागणारा धावड्याचा डिंकहि. हिराकस म्हणजे संस्कृत ग्रंथांतील कासीस. रसरत्नसमुच्चयांत त्याचे वालुकाकासीस व पुष्पकासीस असे दोन भेद सांगितले आहेत. हिरड्याच्या काढ्यांत हें घातलें म्हणजे तुरट द्रव्य लोहास धरतें व गंधकाम्ल मोकळें होतें.

ताजी शाई फिकट असते. प्राणवायु लोहास द्विसंयुजी अवस्थेंतून त्रिसंयुजी अवस्थेंत नेतो, तेव्हां ती काळी पडते. ह्या पालटाचा वेग आम्लतेच्या स्वाधीन आहे. साध्या पाण्यांतील लोहाविषयीं सिंगर व स्टम यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, पीएच ३ च्या खालीं निम्में लोह पालटावयास वर्षें लागतात. पीएच ५ च्या वर मात्र आम्लता दसपट घटली कीं वेग शंभरपट वाढतो. कारखानदार निळ्याकाळ्या शाईंत मुद्दाम आम्ल घालीत, तें बाटलींतच ती काळी होऊन गाळ बसूं नये म्हणून. दौतीची सोय झाली, कागदाचा घात झाला !

कारण आम्ल कागदाचे तंतु तोडतें. शिवाय हिराकस सढळ हातानें पडला असेल तर तुरट द्रव्यानें न धरलेलें लोह मोकळें राहतें. असें द्विसंयुजी लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून सेंद्रिय द्रव्य जाळतात, हें फेंटन यानें १८९४ सालीं सांगितलें होतें. पत्राच्या ओळींत हाच व्यापार मंदगतीनें चालतो व पावसाळी दमटपणा त्यास बळ देतो.

१९९५ मध्यें हॉलंडांतील नेव्हेल यांनीं ह्यावर फायटेट सुचविलें. तें मोकळ्या लोहास बांधतें. आम्ल मारण्यास चुन्याचें बायकार्बोनेट वेगळें द्यावें लागतें. फायटेट धान्याच्या कोंड्यांत विपुल असतें, म्हणजे झाडीपट्टींतील धानगिरण्यांच्या दारीं त्याचे ढीग पडतात. म्हणून कोणी पत्रास कोंडा चोळूं नये ! घरीं पाण्यानें पुसणें तर त्याहून वाईट, कारण मोकळें लोह ओळीबाहेर पसरतें. बॅथोफेनॅन्थ्रोलीनचा कागद किंचित् ओला करून अक्षरावर टेकावा; तो लाल झाला तर तें पत्र निराळ्या वेष्टनांत, कोरड्या जागीं, घडी न घालतां ठेवावें व जाणत्या जतनकाराच्या स्वाधीन करावें. तत्पूर्वीं त्याची नक्कल मात्र आजच उतरून घ्यावी.