जुनी स्पोर्ट्‌स कार: कोणते बदल करावेत आणि कोणते टाळावेत?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे २००४ मध्ये याच मोटारीची वेगवान आवृत्ती, ऑक्टाव्हिया आरएस, भारतात आली. टर्बो लावलेले पेट्रोल इंजिन त्या काळी भारतीय बाजारात जवळपास नव्हतेच. १.८ लिटरचे, सुमारे १५० अश्वशक्तीचे हे इंजिन आणि पाच गिअर असलेली ही मोटार आज वीस वर्षांहून जुनी झाली आहे. नवी असताना जी अनेकांच्या आवाक्याबाहेर होती, ती आता जुन्या बाजारात एखाद्या साध्या मोटारीच्या भावात मिळू शकते.

त्यामुळे अशी गाडी आता कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावातही दारात उभी राहू शकते. गाडी आली की पाठोपाठ प्रश्न येतो: हिच्यावर काय काय करायचे? मोठी चाके, आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाची वाढीव ताकद, की आणखी काही? पैसा मर्यादित असेल तर त्याचा क्रम ठरवणे हाच खरा निर्णय असतो. तो चुकला तर खर्च वाया जातोच, शिवाय गाडी अधिक धोकादायक आणि बेकायदा होऊ शकते.

पहिला बदल म्हणजे दुरुस्ती

वीस वर्षांच्या मोटारीत कारखान्याने दिलेली सगळी ताकद शिल्लक नसते. रबरी नळ्यांना भेगा पडलेल्या असतात, सेन्सरवर मळ बसलेला असतो, शॉक ॲब्सॉर्बर दमलेले असतात. अशा गाडीवर वरून नवे भाग चढवले तर खालचे दोष झाकले जातात, जात नाहीत. म्हणून गाडी मूळ स्थितीला आणणे हाच सगळ्यात फायद्याचा बदल ठरतो.

ऑक्टाव्हिया आरएसच्या इंजिनात पुढील गोष्टी आधी पाहाव्यात:

• टायमिंग बेल्ट: तो चालू इंजिनात तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसा वयानेही कडक होतो. आधीच्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. त्याच वेळी टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण मजुरी एकदाच लागते. प्लास्टिकच्या पात्यांचे जुने पंप हा या इंजिनाचा माहीत असलेला कच्चा दुवा आहे.
• इग्निशन कॉइल: प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. एक खराब झाली की इंजिन तीन सिलिंडरवर अडखळते.
• डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमच्या नळ्या: व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटला किंवा नळी चिरली तर टर्बोने दाबलेली हवा गळते. गाडी 'ओढत नाही' अशी तक्रार असेल तर रिमॅपिंगच्या आधी इथे पाहावे.
• इंजिन ऑइल: टर्बो अतिशय तापतो आणि त्याचे बेअरिंग याच तेलावर चालते. स्वस्त तेल जळून गाळ तयार होतो आणि तो तेल खेचणाऱ्या जाळीत अडकतो. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे, व्हीडब्ल्यू ५०२.०० प्रमाणित सिंथेटिक तेल वेळेवर बदलणे ही कुठल्याही बाहेरच्या भागापेक्षा मोठी गुंतवणूक आहे.

दुसरा क्रम: टायर, ब्रेक, सस्पेन्शन

गाडीचा रस्त्याशी संबंध चार तळहातांएवढ्या रबराने येतो. वेग घेणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे तेच रबर करते. म्हणून चांगले टायर हा एकच बदल असा आहे की ज्याने गाडी तिन्ही बाबतींत सुधारते.

टायरच्या कडेवर चार आकडी क्रमांक असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. कमी चाललेल्या जुन्या मोटारींत हा धोका हमखास असतो.

चाकाचा आकार वाढवताना टायरचा एकूण व्यास तोच राहिला पाहिजे, नाही तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ या तिन्ही टायरांचा व्यास ६३२ ते ६३५ मिलिमीटरच्या घरात येतो. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. पहिल्यात ती सुमारे १२७ मिलिमीटर उंच असते, दुसऱ्यात ११३ आणि तिसऱ्यात १०१. भिंत जितकी उथळ, तितके वळणावर स्टिअरिंग नेमके वाटते, पण खड्ड्याचा दणका तितकाच थेट रिमला बसतो. ग्रामीण रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला म्हणूनच १५ किंवा १६ इंची चाकेच सोयीची ठरतात.

जुने अलॉय व्हील घेताना बोल्टची मापे पाहावीत. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. नंतरच्या लॉराला हेच वर्तुळ ११२ मिलिमीटरचे आहे. दोन्ही स्कोडाच असल्या तरी एकीचे चाक दुसरीला बसत नाही.

ब्रेकच्या बाबतीत एक साधे गणित लक्षात ठेवावे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना दीडपटीहून अधिक उष्णता पचवावी लागते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ही उष्णता साठत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलासाठी तो किमान २३० अंश सेल्सियस ठरवलेला आहे, ओलावा शोषलेल्या तेलासाठी किमान १५५ अंश. तेल उकळले की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट जमिनीला टेकते. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे, चांगले पॅड आणि फुगलेल्या रबरी ब्रेक पाइपांच्या जागी नवे पाइप, एवढ्याने बहुतेक गाड्यांचे काम भागते. फक्त पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क लावल्या तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा समतोल बिघडू शकतो.

सस्पेन्शनमध्ये आधी बुश, बॉल जॉइंट आणि शॉक ॲब्सॉर्बर नवे करावेत आणि मग व्हील अलाइनमेंट करावी. इतके केल्यावर अनेकांना आणखी काही करावेसे वाटत नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे हा मात्र सर्वांत वाईट सौदा आहे. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते, शॉक ॲब्सॉर्बर आपटून फुटतात आणि गावच्या वेशीवरचा गतिरोधक ऑइल चेंबर फोडतो.

तिसरा क्रम: इंजिनाची ताकद

टर्बो इंजिनाची ताकद वाढवणे तुलनेने सोपे असते. संगणकातला कार्यक्रम बदलून टर्बोचा दाब आणि ठिणगीची वेळ बदलता येते. यालाच रिमॅपिंग म्हणतात. युरोपात विकली गेलेली ऑक्टाव्हिया आरएस १८० अश्वशक्तीची होती, म्हणजे इंजिनाच्या या कुळात आणखी वाव आहे हे खरे. पण युरोपातल्या त्या गाडीला त्या ताकदीसाठी जुळवलेले भाग होते. वीस वर्षे वापरलेला टर्बो, क्लच आणि कूलिंग यंत्रणा वाढीव भार किती सोसेल, हे गाडी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. रिमॅपिंगनंतर पहिला बळी बहुधा क्लचचा जातो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. गरम हवा विरळ असते, इंटरकूलरची क्षमता कमी पडते आणि इंजिनात 'नॉकिंग' होण्याचा धोका वाढतो. तसे झाले की सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि कागदावर वाढलेली ताकद प्रत्यक्षात हाती येत नाही. म्हणून रिमॅपिंग करायचेच तर रेडिएटर, कूलंट, पंखा आणि इंटरकूलर आधी ठणठणीत करावेत.

इंधनाचा प्रश्नही आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. प्रतिलिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून मायलेजही थोडे घटते. इंधनाचे पाइप, सील आणि फिल्टर इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे बसवणे हा कोणाला दिसत नसला तरी गाडीला आगीपासून वाचवणारा बदल आहे.

पैसे वाया घालवणारे बदल

• उघडा कोन एअर फिल्टर: आवाज दमदार येतो, पण तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. शेतरस्त्यांवरची धूळ त्यातून आत गेली तर टर्बोची पाती झिजतात. मूळ डबा आणि नवा कागदी फिल्टर अधिक योग्य.
• 'फिस्स' असा आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: या इंजिनाचा सेन्सर आत आलेली हवा आधीच मोजून ठेवतो. तीच हवा बाहेर सोडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि गिअर बदलताना गाडी धक्के देते. मूळ व्हॉल्व्ह हवा परत आत वळवतो, तो तसाच ठेवावा.
• मोठा स्पॉयलर: घराच्या, गावाच्या रस्त्यावरच्या वेगांत त्याचा उपयोग जवळपास शून्य असतो.
• बाहेरचे छोटे स्टिअरिंग: ते बसवताना एअरबॅग काढावी लागते. दिखाव्यासाठी जीव वाचवणारी वस्तू काढणे परवडत नाही.
• झगझगीत दिवे: काच पिवळी पडली असेल तर ती घासून चकचकीत करावी आणि वायरिंग तपासावे. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात भलताच बल्ब घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. सीएनजी किटसारख्या मान्यताप्राप्त बदलांना परवानगी आहे, पण त्यांची नोंद आरटीओत करावी लागते. रंग बदलला तरी तो आरसी बुकात नोंदवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनासाठी कलम १९० वेगळे आहे. कर्कश सायलेन्सर त्यातच येतो.

झिजलेला भाग काढून त्याच मापाचा, त्याच दर्जाचा नवा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे आणि तिला अडचण नाही. या लेखातले पहिल्या दोन क्रमांचे बहुतेक काम याच वर्गात मोडते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे बदल उघडे पडतात. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. गाडी घेण्याआधीच हा खर्च हिशेबात धरावा. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलांमुळे अपघाताचा दावा अडकू शकतो, हेही विसरू नये.

निर्णय कसा घ्यावा?

कोणताही भाग घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ज्या भागाच्या जागी हा बसणार तो मूळ भाग ठीक होता का? या बदलामुळे दुसऱ्या कुठल्या भागावर भार येईल? रोजच्या रस्त्यावर त्याचा फायदा जाणवेल का? आणि तो काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला भविष्याचीही बाजू आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि चॅसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. शेंद्र्यातून २००४ मध्ये बाहेर पडलेली ऑक्टाव्हिया आरएस तिथपर्यंत २०५४ मध्ये पोहोचेल. तेव्हा किंमत राहील ती जुळत्या क्रमांकाच्या इंजिनाची आणि शाबूत बॉडीची. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग भंगारात न देता, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. त्यासाठी माळ्यावरची थोडी जागा सोडली तर काहीच खर्च येत नाही.