नोकरीचे घर आणि निवृत्तीचा प्लॉट

शहर फुगते आणि त्याच्या कडेची शेते घरांखाली जातात, अशी उपनगराच्या जन्माची आपली ठरलेली समजूत आहे. मुंबईच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे, नागपूरच्या बाबतीतही. पण भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरला ती लागू पडत नाही. इथली वस्ती भंडारा शहरातून सांडून आलेली नाही आणि नागपूर अजून इतके पसरलेले नाही. जनगणनेने जवाहरनगरची नोंद ‘जनगणना शहर’ म्हणून केली. म्हणजे किमान 5000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण हिस्सा शेतीबाहेर. शहराचा हा गुण इथे आला तो आयुध निर्माणीमुळे. पण निर्माणीच्या कुंपणाबाहेर ठाणा पेट्रोलपंपाच्या बाजूला महामार्गाच्या अंगाने जी घरे उठली, त्यांचे कारण केवळ ‘कारखाना आला’ एवढ्याने सांगून होत नाही. माझे म्हणणे असे की ही वस्ती घडवली ती नोकरीच्या एका अटीने: घर पदाबरोबर मिळते आणि पदाबरोबरच जाते.

आधी निर्माणीचा काळ पाहू. 1962च्या चीन युद्धाने देशाची दारूगोळ्याची तयारी किती तोकडी आहे ते उघडे पाडले. त्या दशकात विदर्भ-खानदेशाच्या पट्ट्यात नव्या निर्माणी उभ्या राहिल्या: भंडारा आणि वरणगाव 1964 साली, पाठोपाठ नागपूरजवळची अंबाझरी, शिवाय चांद्याची भद्रावतीजवळची. सीमेपासून दूर, समुद्रापासून दूर, रेल्वेमार्गाच्या आवाक्यात, पाण्याची सोय आणि विरळ वस्ती, असे हे गणित होते. भंडाऱ्याच्या निर्माणीचे काम तोफा-बंदुकांना लागणारी प्रणोदके आणि स्फोटके बनवण्याचे. असा कारखाना गावात बसवता येत नाही, आणि कामगाराला रोज दुरून आणणे त्या काळच्या एसटीच्या भरवशावर शक्य नव्हते. म्हणून निर्माणीबरोबरच वसाहत बांधली गेली: क्वार्टर, दवाखाना, शाळा, बाजार, मैदान. तिला पंडित नेहरूंचे नाव मिळाले. धानाच्या शेतांच्या मुलखात आखीव रस्ते, नळाचे पाणी आणि वीज घेऊन एक छोटे गाव तयार झाले, आणि तिथे राहणाऱ्याला घराची चिंता करावी लागली नाही.

पण ही सोय उसनी होती. क्वार्टरचा टाइप पगाराच्या श्रेणीवर ठरतो, ते कर्मचाऱ्याच्या नावावर कधीच होत नाही, आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत ते रिकामे करावे लागते. वीस-पंचविशीत भरती झालेला माणूस पस्तीस-चाळीस वर्षे तिथे राहतो, त्याची मुले तिथेच मोठी होतात, आणि 58व्या किंवा 60व्या वर्षी त्याच्यापुढे प्रथमच प्रश्न येतो की राहायचे कुठे. निर्माणीच्या पहिल्या भरतीचा हिशेब मांडला तर ही माणसे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत निवृत्त होणार हे उघड होते. नेमका त्याच काळात निवृत्तीचा पैसाही वाढला. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा पाचव्या वेतन आयोगाने 1996 पासून साडेतीन लाख केली, सहाव्याने 2006 पासून 10 लाख आणि सातव्याने 2016 पासून 20 लाख. त्यात भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनचा विकलेला हिस्सा धरला तर एका दिवशी हातात येणारी ही रक्कम आयुष्यातली सर्वांत मोठी. नोकरीत असतानाच घर बांधायचे तर 1956 पासून चालू असलेली गृहबांधणी अग्रिमाची योजनाही होती. मागणी कधी येणार आणि तिच्यामागे किती पैसा असणार, हे सरकारी नोंदींवरूनच आधी सांगता आले असते.

एवढी निश्चित मागणी कोणत्या जमिनीवर उतरली ते आता पाहायला हवे. वसाहतीबाहेरची जमीन शेतीची होती. मालगुजारी 1951 साली संपल्यावर ती कसणाऱ्यांच्या नावे झाली आणि पुढे वाटण्यांत तुटत गेली. कायद्याने तिचे घरांसाठी रूपांतर करायला दोन दारे ओलांडावी लागत: 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालची अकृषक (एनए) परवानगी, आणि 1947च्या तुकडेबंदी कायद्याने ठरवलेले किमान क्षेत्र. शेतकऱ्याला एनए करून आखीव लेआउट पाडणे महाग आणि वेळखाऊ, तर निवृत्त कामगाराला घाई. मग मधला मार्ग निघतो. दीड हजार फुटांचा तुकडा अविभक्त हिस्सा म्हणून लिहून द्यायचा, सातबाऱ्यावर चारसहा नावे एकत्र चढवायची, किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8च्या उताऱ्यावर घराची कर-आकारणी लावून घेऊन तोच मालकीचा पुरावा समजायचा. वास्तविक तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगतो, मालक कोण ते सांगत नाही. हे महाराष्ट्रभर घडले. नागपुरात तर सुधार प्रन्यासाला 572 आणि 1900 अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटांची प्रकरणे वर्षानुवर्षे हाताळावी लागली. फरक एवढाच की नागपूरला निस्तरायला प्रन्यास तरी होता. जनगणना शहर हे मोजणीपुरते शहर. त्याला नगरपरिषद नसते, विकास आराखडा नसतो, आणि शहरी गटाराचा खर्च ग्रामपंचायतीच्या जुन्या रचनेवर पडतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वस्ती महामार्गाने वाढवली. पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53 हा रस्ता नागपूर, भंडारा आणि रायपूर जोडतो, चौपदरी झाल्यावर जमिनीचे भाव चढले, यात वाद नाही. पण महामार्ग निर्माणीहून जुना आहे. रस्त्याने ढाबे, पंप, गॅरेज आणि गोदामे येतात, दलालही येतात. ज्याचा मुलगा अजून शाळेत आहे आणि ज्याची पेन्शन शेजारच्या बँकेत जमा होते अशा माणसाला तो रस्ता जन्म देत नाही. रस्त्याने भाव ठरवला, गिऱ्हाईक निर्माणीने दिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवृत्त माणूस आपल्या गावी परततो. अनेक जण परतले हे खरेच. पण गावी दोन एकर धानाच्या शेतीत तीन भावांचे वाटे असतात, आणि चाळीस वर्षे ज्या शेजारात गेली तो शेजार, ओळखीचा डॉक्टर, मुलांची शाळा, सुनेची नोकरी हे सगळे इकडे असते. जो परत गेला नाही त्याच्यासाठी जवळच जागा घेण्यावाचून पर्याय उरला नाही.

तिसरा आक्षेप सरकारच्या बाजूचा. संरक्षण खात्याची जमीन कोणाच्या मालकीची करता येत नाही, क्वार्टर विकले तर उद्याच्या कामगाराला द्यायचे काय? हे बरोबर आहे, आणि क्वार्टर विकावेत असे मी म्हणत नाही. पण घर मालकीचे करून देणे हा विचार या भागाला परका नव्हता. नागपूरच्या एम्प्रेस मिलने 1920च्या दशकात इंदोरा इथे कामगारांसाठी वसाहत आखली. तिथे कामगाराने जागा घेऊन कर्जाच्या हप्त्यांवर स्वतःचे घर करावे अशी योजना होती, आणि 1931च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात तिची दखल घेतली गेली. एका खासगी गिरणीला जे सुचले ते चाळीस वर्षांनी राज्याला अशक्य नव्हते. विदर्भ गृहनिर्माण मंडळ 1960पासून होते, 1977 साली ते म्हाडात विलीन झाले. निर्माणीपासून सुरक्षित अंतरावर शे-दोनशे एकर जमीन घेऊन, रस्ते-गटारे आखून, कर्मचाऱ्यांना नोकरीतच हप्त्याने प्लॉट देता आले असते. हे झाले नाही, कारण केंद्राच्या दृष्टीने कुंपणाबाहेरचा कामगार हा आपला विषय नव्हता आणि राज्याच्या दृष्टीने कामगार केंद्राचा होता.

शेवटचा आक्षेप वर्तमानातला आहे: आता नियमितीकरण होतेच आहे, मग जुने उगाळून काय उपयोग? नोंदणी महानिरीक्षकांनी जुलै 2021 मध्ये तुकड्यांची खरेदीखते थांबवणारे परिपत्रक काढले, न्यायालयात ते टिकले नाही, आणि त्यानंतर राज्याने तुकडेबंदीच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल केल्या. घर असलेल्या माणसाला यातून दिलासा मिळतो, तो मिळायलाच हवा. परंतु नियमितीकरणाने कागद दुरुस्त होतो. दहा फुटांची बोळ वीस फुटांची होत नाही, शोषखड्ड्याजवळच्या विहिरीचे पाणी गोड होत नाही. आणि इथे एक प्रश्न असा आहे जो इतर उपनगरांत नसतो. 24 जानेवारी 2025 रोजी निर्माणीत स्फोट झाला, आठ माणसे गेली, आवाज काही किलोमीटरवर ऐकू आला. संरक्षण कामांच्या आसपासच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला 1903च्या कायद्याने दिला आहे, त्यात भरपाईचीही तरतूद आहे. सुरक्षित अंतर हा कागदी शब्द नाही. वस्ती कुंपणाकडे सरकत गेली तर ते अंतर विक्रीच्या व्यवहाराने मिटते, आणि नियमितीकरणाचा शिक्का त्यावर मोहोर उठवतो.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. ठरावीक मुदतीच्या नेमणुकाही आता दिसू लागल्या आहेत. म्हणजे ज्याला क्वार्टर आणि पेन्शन दोन्ही मिळाले तो वर्ग ओसरणार, आणि पुढच्या कामगाराला पहिल्या महिन्यापासूनच बाहेर भाड्याने किंवा प्लॉट घेऊन राहावे लागणार. मागच्या पिढीने जो प्रश्न साठीला भोगला तो पुढची पिढी पंचविशीत भोगेल, तेही एकरकमी पैसा नसताना. म्हणून जवाहरनगर आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींचा एकत्र विकास आराखडा जिल्हा प्रशासनाने आताच करावा, निर्माणीपासूनचे बांधकाममुक्त अंतर त्यात रेषेने दाखवावे आणि ती रेषा तलाठी कार्यालयात लावावी. आणि प्लॉट घेणाऱ्याने खरेदीखतावर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: अकृषक आदेश, मंजूर आखणीतला रस्ता आणि निर्माणीच्या कुंपणापासूनचे अंतर. यांपैकी एकही दाखवता येत नसेल तर स्वस्त भाव हा फायदा नव्हे, पुढे आपल्या मुलांनी भरायचा खर्च आहे.